दक्षिणा आणि मजुरी

अधिक श्रावणातील पौर्णिमा होती. इंग्रजी तारीख 1 ऑगस्ट 2023. बऱ्हाणपूर जिल्ह्यातील जसोंडी या गावी आमच्या मावसबहिणीच्या घरी आम्ही उतरलो होतो. मावशी गोव्याहून जावयाचे वाण घेऊन आल्या होत्या आणि त्यांना सोबत म्हणून आम्ही. तेहतीस अनारशांचे ताट देवापुढे ठेवून झाले होते, नैवेद्य दाखवून झाला होता, पाने मांडण्यास थोडा अवकाश होता. तेवढ्या वेळात बहिणीची शाळकरी मुलगी ओसरीवर मोबाइल घेऊन बसली. दूर न्यूझीलंडमध्ये ऑकलंड येथे स्त्रियांच्या फुटबॉलच्या विश्वचषकाचा सामना चालू होता : पोर्तुगाल विरुद्ध अमेरिका. पोर्तुगालचे नाव ऐकताच मावशींनी मान वर केली. ज्यांचे बालपण त्या राज्याच्या झेंड्याखाली गेले, त्यांना ते नाव अजून कोठेतरी टोचतेच. त्या जवळ सरकून बसल्या, काही वेळ पाहिले आणि विचारले, ह्या मुलींना ह्याचा पगार मिळतो काय? मिळतो, असे भाचीने सांगितले. तेव्हा मावशी म्हणाल्या, "पयशे घेवन खेळटात? मागीर तो खेळ कसलो?"

पायरीवर एक बाई बसली होती. कपाशीत निंदणी केल्याची मजुरी घेण्यास ती आली होती. पडद्यावरची धावपळ तीही मान उंचावून पाहत होती. कोंकणी तिला कळण्याचे कारण नव्हते; तिने आपल्यापुरताच प्रश्न केला, "इतकं पयतात, तं मजुरी मिळत असीन ना त्यायले?"

पैसे घेतले म्हणून तो खेळ कसला, असे एकीचे म्हणणे. एवढे श्रम केले तर पैसे मिळत असलेच पाहिजेत, असे दुसरीचे. दोघीही प्रामाणिक होत्या. आम्ही मात्र त्या वेळी मावशींच्या बाजूचे होतो, आणि आपण त्या बाजूचे का आहोत हे पुढे पुष्कळ दिवस स्वतःशी तपासून पाहत राहिलो. त्या तपासणीचा वृत्तांत वाचकांपुढे ठेवावयाचा आहे.

मावशींच्या मताला आधार नाही असे नाही. जी गोष्ट प्रेमाने करावयाची ती मोल घेऊन केली की तिचा कस उतरतो, ही भावना आपल्या परंपरेत खोल रुजलेली आहे. मनुस्मृतीने श्राद्धास बोलावू नये अशा ब्राह्मणांची जी यादी दिली आहे, तीत वेतन घेऊन शिकविणारा अध्यापक आहे, आणि वेतन देऊन शिकणारा शिष्यही आहे. ज्याची विद्या केवळ पोटासाठी आहे त्याला लोक ज्ञानाचा व्यापारी म्हणतात, असे कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकात एक पात्र बोलून जाते. हे वचन आपल्याकडे व्याख्यानांतून अनेकदा ऐकावयास मिळते. परंतु ते बोलतो कोण, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ते बोलतो गणदास, राजाच्या पदरी असलेला नाट्याचार्य, म्हणजे स्वतः पगारदार. त्याच प्रसंगी विदूषक चेष्टेने म्हणतो की ह्या आचार्यांना फुकट वेतन कशाला द्यावयाचे, त्यांची झुंज तरी पाहू. त्या वातावरणात गणदास आपल्या विद्येचा मान राखण्यासाठी हे बोलतो. त्याच्या वाक्यातला सगळा भार 'केवळ' या एका शब्दावर आहे. वेतन घेणे हा त्याच्या दृष्टीने दोष नव्हे. वेतनापलीकडे विद्येत काहीच न उरणे हा दोष. आपण मात्र ते वचन घेतो आणि नेमका तो शब्द गाळतो.

आणखी एक गोष्ट त्या नाटकात दिसते. दोन आचार्य वेतन घेतात, वाद घालतात, मान मिळवितात. परंतु रंगभूमीवर प्रत्यक्ष नाचते ती मालविका. तिच्या वेतनाचा प्रश्न नाटकात कोणालाच पडत नाही. आम्हांसही तो हे नाटक अनेकदा वाचून पडला नव्हता. जसोंडीच्या पायरीवर बसलेल्या त्या बाईने तो विचारला तेव्हा पडला.

गीतेचा आधार घेऊ म्हटले तरी वाट सोपी होत नाही. फळाची आशा सोडून कर्म करावे, ही शिकवण सर्वांना पाठ आहे. पण त्याच ग्रंथाच्या सतराव्या अध्यायात तामस यज्ञाची लक्षणे सांगताना, ज्यात अन्नदान नाही, मंत्र नाही, दक्षिणा नाही, असा यज्ञ तामस होय असे म्हटले आहे. म्हणजे यजमानाने ऋत्विजाच्या निष्काम वृत्तीवर भिस्त ठेवून दक्षिणा बुडवावी, ही गोष्ट शास्त्राला मान्य नाही. ऋत्विजाने आशा धरू नये हा ऋत्विजाचा धर्म. यजमानाने हात आखडू नये हा यजमानाचा धर्म. एकाचा धर्म दुसऱ्याने आपल्या सोयीसाठी वापरला की त्याचा अधर्म होतो. फलत्याग ज्याचा त्याने करावयाचा असतो. दुसऱ्याच्या वाट्याचे फळ आपण सोडून दिले आणि त्याला त्याग म्हटले, तर त्याला व्यवहारात जे नाव आहे ते वाचकांस ठाऊक आहे.

आता ज्या मुली आम्ही पाहत होतो त्यांच्याकडे वळू. त्या संघात आना बोर्जेस ही खेळाडू होती. (हे आडनाव आमच्या गोव्याच्या वाचकांना शेजाऱ्याचे वाटेल, त्याला इलाज नाही.) तिचा जन्म 1990 सालचा, सेर्रा द एश्त्रेला या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या गोवेया या गावचा. पोर्तुगालमध्ये त्या काळी फुटबॉल खेळून स्त्रीला पोट भरता येत नसे. तेव्हा ती विशीच्या आतच शेजारच्या स्पेनमध्ये झारागोझा येथे खेळावयास गेली. तेथून माद्रिदच्या ॲटलेटिको संघात, मग लंडनच्या चेल्सीकडे. 2015 मध्ये चेल्सीच्या स्त्रीसंघाने इंग्लंडची लीग आणि चषक ही दोन्ही जिंकली तेव्हा ती त्या संघात होती. 2016 मध्ये पोर्तुगालच्या फुटबॉल महासंघाच्या प्रोत्साहनाने मोठ्या क्लबांनी स्त्रियांचे संघ उभे केले. लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबाने आपला बंद पडलेला स्त्रीसंघ पुन्हा सुरू केला आणि बोर्जेस मायदेशी परतली. देशासाठी ती दीडशेहून अधिक सामने खेळली आहे. कोंकणातला मुलगा मुंबईला जावा आणि गावात काही धंदा निघाला म्हणून परत यावा, तशी ही हकीकत. तीत आम्हांस तरी पावित्र्यभंग कोठे दिसत नाही.

तिच्या आधीच्या पिढीतील कार्ला कुतो हिची गोष्ट मात्र मन अस्वस्थ करते. 1974 मध्ये लिस्बनला जन्मलेली ही बाई पोर्तुगालसाठी 145 सामने खेळली. चीन आणि इटली या देशांतही खेळून आली. तिच्या देशाच्या स्त्रीसंघाने पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला तोच 1981 मध्ये, फ्रान्सविरुद्ध. त्यापूर्वी सालाझारच्या दीर्घ राजवटीत स्त्रीची जागा घर आणि चर्च. चेंडूमागे धावणाऱ्या स्त्रीला त्या व्यवस्थेत स्थान नव्हते. पोर्तुगालचा स्त्रीसंघ युरोपच्या मोठ्या स्पर्धेस प्रथम पात्र ठरला 2017 मध्ये आणि विश्वचषकास 2023 मध्ये. तोवर कार्ला कुतोचे राष्ट्रीय संघातील दिवस संपलेले होते. 145 वेळा देशाचा पोशाख चढविला, पण मोठ्या स्पर्धेचे दार एकदाही उघडले नाही. निष्काम कर्माचा याहून मोठा दाखला खेळाच्या मैदानावर क्वचितच सापडेल. पण हा दाखला देताना आमची जीभ अडखळते. तिने फळ सोडले नव्हते. ते तिच्यापुढे कोणी ठेवलेच नव्हते.

पैशाने खेळ विटाळतो, हा विचार तरी आला कोठून? आपण समजतो तितका तो सगळाच आपला नाही. 'हौशी' खेळाडूची थोरवी गाणारे एकोणिसाव्या शतकातील इंग्रज बहुधा घरी शेतभात, गडगंज वाडा असलेले सद्गृहस्थ होते. गिरणीतील कामगार शनिवारची मजुरी बुडवून खेळू लागला आणि भरपाई मागू लागला, तेव्हा त्यांना खेळाच्या पावित्र्याची आठवण झाली. पुरुषांच्या बाबतीत हा वाद इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने 1885 मध्ये मिटविला आणि पगारी खेळास मान्यता दिली. स्त्रियांच्या बाबतीत मात्र तोच पैसा पुन्हा पुढे आणण्यात आला. 1920 च्या डिसेंबरात लिव्हरपूल येथे प्रेस्टन गावच्या कारखान्यातील मुलींचा सामना पाहावयास सुमारे 53,000 लोक लोटले होते. ते सामने धर्मादायासाठी होत. एक वर्ष पुरते लोटले नाही तोच, 5 डिसेंबर 1921 रोजी, त्या संघटनेने आपल्या क्लबांच्या मैदानांवर स्त्रियांना बंदी केली. हा खेळ स्त्रियांस योग्य नाही, हे एक कारण. आणि गोळा झालेल्या पैशांपैकी फार मोठा भाग खर्चात जातो, हे दुसरे. ज्या संघटनेचे पुरुष खेळाडू छत्तीस वर्षे राजरोस वेतन घेत होते, तिने हे म्हटले! ती बंदी सुमारे पन्नास वर्षे टिकली.

इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. आमच्या देवळांच्या सावलीतच हा प्रश्न एकदा येऊन गेला आहे. देवस्थानाच्या जुन्या व्यवस्थेत पुजारी, वाजंत्री, दिवट्या धरणारे यांना काही ना काही नेमणूक असे, आणि पालखीपुढे गाणाऱ्या कलावंतिणीसही असे. म्हणजे देवापुढचे गाणे फुकट नव्हते. पण पुजाऱ्याच्या हातावर पडले ती दक्षिणा झाली, गवयाच्या हातावर पडले ती बिदागी, गड्याच्या हातावर पडली ती मजुरी, आणि गाणाऱ्या स्त्रीच्या हातावर पडले त्याला काय म्हणत, ते येथे लिहिण्यास आम्हांस संकोच वाटतो. रुपया तोच. आपण पैशाची प्रतवारी करीत नसतो; घेणाऱ्याची करतो. त्याच समाजातून, फोंडे महालातील केरी गावातून, 1892 मध्ये जन्मलेल्या केसरबाई केरकर पुढे अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या झाल्या. मोल घेऊन गाणाऱ्या, अर्थात व्यावसायिक, गायिका म्हणूनच त्या जगल्या. 1969 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले, आणि 1977 मध्ये ताऱ्यांकडे निघालेल्या व्हॉयेजर यानांवरील तबकडीत त्यांची भैरवी गेली. आज त्यांचे नाव घेताना गोमंतकीय मनुष्याची मान ताठ होते. त्यांनी मैफलीचे पैसे घेतले म्हणून भैरवी बेसूर झाली, असे म्हणणारा कोणी आम्हांस अद्याप भेटलेला नाही.

येथे कोणी म्हणेल की तुम्ही पैशाची बाजू फार घेता. तो आक्षेप आम्हांस खोडावयाचा नाही. फुटबॉलच्या धंद्यात खेळाडूची 'खरेदी' आणि 'विक्री' हे शब्द सर्रास वापरतात. 2024 मध्ये किका नाझारेथ ही तरुण पोर्तुगीज खेळाडू बेनफिका क्लबाकडून बार्सिलोनाकडे गेली, ती एका क्लबाने दुसऱ्याला मोल देऊन. माणसाविषयी हे शब्द वाचताना, विशेषतः स्त्रीविषयी वाचताना, अंगावर काटा येतो. ज्यांच्या गावात मुलगी देवाला 'वाहिली' जात असे, त्यांच्या अंगावर तो अधिकच यावा. पण अंतर ओळखले पाहिजे. वाहिलेल्या मुलीला कोणी विचारीत नसे, आणि तिची मुदतही संपत नसे. ह्या मुलीच्या कागदावर तिची स्वतःची सही असते, त्यात वर्षे लिहिलेली असतात, आणि ती संपली की ती मोकळी असते. कराराची ही कोरडी भाषा आम्हांस आवडत नाही. तथापि ज्यांच्यापाशी दुसरे रक्षण नव्हते त्यांना ह्या कोरडेपणाने पुष्कळ दिले आहे, हे नाकारता येत नाही. राहिला खेळातील आनंदाचा प्रश्न. पैशाच्या ओझ्याखाली तो मरतो, हे काही वेळा खरे आहे. पण उद्याच्या गाडीभाड्याच्या चिंतेखाली तो अधिक लवकर मरतो, एवढे आमच्या पाहण्यात आहे.

गोव्यात फुटबॉल काही नवा नाही. शिवोलीला पाद्री विल्यम लायन्स यांनी 1883 मध्ये तो आणला असे सांगतात. स्त्रियांच्या खेळाला भारतात संघटित रूप आले ते 1975 च्या सुमारास. 1980 च्या आरंभी कालिकत येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत भारताचा स्त्रीसंघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. 1983 मध्ये बँकॉकला पुन्हा गेला. आशियात दोनदा दुसरा क्रमांक! त्या काळच्या भारतीय संघात गोव्याची योलांडा डिसोझा खेळत असे. पोर्तुगालच्या स्त्रियांनी पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळण्यापूर्वी आपल्या मुली आशियाच्या अंतिम फेरीत उभ्या होत्या, हे किती वाचकांस ठाऊक आहे? आम्हांस नव्हते. त्या पिढीला ह्या खेळाचा पगार नव्हता. भारतात स्त्रियांची देशव्यापी लीग सुरू झाली ती 2016-17 च्या हंगामात, आणि परदेशी क्लबाशी व्यावसायिक करार करणारी पहिली भारतीय स्त्री, मणिपूरची बाला देवी, ग्लासगोच्या रेंजर्सकडे गेली ती 2020 मध्ये. मधली चाळीस वर्षे आपण काय करीत होतो? मुलींना शुद्ध ठेवीत होतो, असे म्हणावे तर म्हणता येईल. त्या चाळीस वर्षांत जग पुढे गेले, आणि आशियात दुसरा असलेला संघ कोठल्या कोठे मागे पडला. 2022 मध्ये आशियाई स्पर्धा आपल्याच महाराष्ट्रात भरली. साथीने संघातील इतक्या मुली आजारी पडल्या की नव्या मुंबईत सामना खेळण्यास पुरेशा मुली उभ्या राहिल्या नाहीत. तो दैवाचा भाग. मागची चाळीस वर्षे मात्र दैवाची नव्हती.

आता एक कबुली. काही वर्षांपूर्वी आम्ही एका देवस्थानच्या समितीवर होतो. नाव सांगण्याचे कारण नाही. दोष त्या देवस्थानाचा नव्हता, आमचा होता. विद्यार्थी साहाय्य निधीसाठी जे अर्ज आले, त्यांत एका मुलीचा अर्ज होता. तिची निवड फुटबॉलच्या शिबिरासाठी झाली होती. बूट आणि प्रवासखर्च एवढेच तिने मागितले होते. रक्कम इतकी लहान होती की त्या बैठकीच्या चहाफराळास जवळजवळ तेवढाच खर्च आला असावा. निधी विद्येसाठी आहे, असे एकाने म्हटले. आम्ही त्याहून मोठे वाक्य बोललो : खेळ हा खेळासाठी खेळावा, त्याला आरंभीच पैशाची सवय लावू नये. सर्वांनी माना डोलावल्या. अर्ज फेटाळला गेला, आणि त्या वेळी हात वर करणाऱ्यांत आमचा हात होता.

दोन वर्षांनी ती मुलगी कशीबशी राज्याच्या संघात गेली. मग त्याच समितीने उत्सवात तिचा सत्कार केला. शाल दिली, श्रीफळ दिले, आणि आम्हीच तिच्याविषयी चार शब्द बोललो. तिने वाकून नमस्कार केला. वैशाखाचे दिवस, मंडपात उकाडा, आणि खांद्यावर ती लोकरी शाल. घामाने भिजलेला तो चेहरा आम्हांस अजून दिसतो. शालीची किंमत बुटांपेक्षा कमी नसावी. पुढे ती खेळत नाही असे कळले. का, ते आम्ही कोणी विचारले नाही.

मान द्यावयास आपण सदैव सिद्ध असतो. तो मोल देण्यापेक्षा स्वस्त पडतो, असे म्हटले तर कोणास राग येऊ नये. मानाचा नारळ पुजाऱ्याला मिळतो तेव्हा त्याच्या घरी तांदळाची सोय आधी झालेली असते. ज्या मुलीची ती सोय झालेली नाही, तिच्या हातात नुसता नारळ देऊन आपण तिला देवळाच्या पायरीवरून उतरवितो, आणि आपण धर्म केला अशा समाधानाने घरी जेवावयास जातो. आमच्या देवस्थानांपाशी निधी आहेत, जागा आहेत, उत्सव संपल्यावर वर्षभर मोकळी पडलेली प्रांगणे आहेत. त्यांचे काय करावे हे सुचविण्याचा अधिकार, तो हात वर केल्यानंतर, आम्हांस राहिला आहे की नाही कोण जाणे. तरी येत्या बैठकीत ज्यांच्यापुढे असा एखादा अर्ज येईल, त्यांनी तो वाचताना आमचे ते मोठे वाक्य आठवावे, एवढे मागतो.

जसोंडीच्या ओसरीवर सामना शेवटच्या क्षणांत आला होता. दोन्ही बाजूंस शून्य. पोर्तुगालला जिंकणे आवश्यक होते. बरोबरीत त्यांचा प्रवास संपत होता. पूर्ण वेळ भरला, वाढीव मिनिटे सुरू झाली, आणि आना कापेता नावाच्या मुलीने मारलेला चेंडू गोलरक्षिकेला चकवून थेट खांबावर आदळला आणि बाहेर आला. भाची ओरडली. आतून बहिणीने पाने वाढल्याची हाक दिली. पायरीवरच्या बाईने आमच्या मेहुण्यांनी दिलेल्या नोटा दोनदा मोजल्या, पदराच्या गाठीला बांधल्या आणि जाता जाता विचारले, "कोन जितलं?" कोणीच नाही, पण अमेरिका पुढे गेली, असे भाचीने सांगितले. बाईला ते फारसे पटलेले दिसले नाही.

मावशी अजून त्या विझलेल्या पडद्याकडेच पाहत होत्या. उठताना त्यांनी नातीच्या खांद्याचा आधार घेतला आणि हळूच विचारले, "खांब्याक लागलो म्हूण तिचे पयशे कापतले?"

"नाही गं आजी," ती म्हणाली, "तसं नसतं."

मग आम्ही पानावर जाऊन बसलो.